मला सगळं चालतं, फक्त ते सोडून : नावडतं संगीत ऐकायचं कसं

गाण्यांचा विषय निघाला की बहुतेक जण सांगतात, "मी सगळं ऐकतो." आणि दम न खाता पुढे जोडतात, "फक्त ते रॅप सोडून." कुणाचं रॅपच्या जागी हेवी मेटल असतं, कुणाचं टेक्नो, कुणाचा तासभर चालणारा ख्याल. कान मोकळे करायचे तर सुरुवात या "फक्त ते सोडून"पासूनच करावी लागते. बाकीची आवड हळूहळू आपली आपणच पसरत असते, तिच्यासाठी मार्गदर्शक लेख लागत नाही.

या शेपटीवर एक चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बेथनी ब्रायसन यांनी १९९६ मध्ये तिथल्या एका राष्ट्रीय पाहणीतली उत्तरं तपासली. जास्त शिकलेले लोक जास्त प्रकारचं संगीत ऐकायला तयार होते. पण जे थोडे प्रकार ते नाकारत होते, म्हणजे रॅप, हेवी मेटल, कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत) आणि गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), ते नेमके कमी शिकलेल्या लोकांत जास्त ऐकले जाणारे निघाले. आपण आवाजाला नाक मुरडतोय असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा तो आवाज ऐकणाऱ्या माणसांना मुरडत असतो.

पुढची रीत सगळंच आवडून घ्यायची नाही. सगळंच आवडणाऱ्या माणसाची मला थोडी धास्तीच वाटते; त्याने एक तरी गाणं नीट ऐकलं असेल का, अशी शंका येते. "आवडलं नाही" हे मत देण्याआधी ते ऐकलेलं आणि कळलेलं असावं, इतकंच इथे गाठायचं आहे.

पायरी पहिली: नावडीची यादी करा

कागद घ्या आणि न आवडणारे प्रकार लिहून काढा. प्रत्येकापुढे कारण लिहा, जसं मनात येईल तसं, सभ्य न करता. मग ती कारणं वाचा. "नुसता आरडाओरडा" हे आवाजाबद्दल झालं. "टपोरी पोरं ऐकतात" किंवा "स्वतःला फार शहाणे समजणाऱ्यांचं संगीत" हे माणसांबद्दल झालं. "वरच्या मजल्यावरचे रात्रभर वाजवायचे" ही आठवण झाली. "सगळं सारखंच वाटतं" म्हणजे ओळख नाही.

माणसांबद्दलची कारणं तिथेच खोडा, त्यांचा संगीताशी संबंध नाही. आठवणींना वेळ लागतो, त्यांच्याशी झटापट करू नका. "सगळं सारखंच वाटतं" हे मात्र सगळ्यात आशादायक कारण. सगळे राग सारखे वाटणारा आणि सगळं टेक्नो सारखं वाटणारा, दोघांची तक्रार एकच असते, आणि ती थोड्या सवयीने जाते.

कागदाच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा लिहा: आपल्या जन्मसालात चोवीस मिळवून येणारं साल. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. लोकांना सरासरीने सर्वाधिक आवडली ती त्यांच्या तेविशी-चोविशीत गाजलेली गाणी. "आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी" असं पुढच्या वेळी तोंडात आलं की कोपऱ्यातलं ते साल पाहा.

त्याच वाक्याचा दुसरा पायही लंगडा आहे. जुन्या काळातला गाळ केव्हाच विसरला गेला, चाळून उरलेलं तेवढं आपल्यापर्यंत आलं. नव्या काळातलं मात्र सगळं न चाळलेलं समोर येतं. आपल्या आवडीतलं सर्वोत्तम आणि दुसऱ्याच्या आवडीतलं सर्वांत टाकाऊ अशी कुस्ती लावली, तर निकाल आधीच ठरलेला असतो.

पायरी दुसरी: प्रश्न बदला

मला विचाराल तर सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. गाण्यांवर वाढलेला कान काहीही लागलं की दोनच गोष्टी शोधतो: चाल कुठाय आणि शब्द काय आहेत. ज्या संगीताने आपली मेहनत या दोहोंवर खर्च केलेली नाही, ते साहजिकच नापास होतं. म्हणून ऐकताना विचारायचं, की या लोकांनी जीव कशात ओतलाय?

टेक्नोमध्ये तो आवाजाच्या पोतात आणि सावकाश होणाऱ्या बदलात असतो. ठेका तोच राहतो, पण एक आवाज कित्येक आवर्तनं घेऊन उजळत जातो, दुसरा हळूच निघून जातो. "तेच तेच वाजतंय" म्हणणाऱ्याचं लक्ष ठेक्यावर असतं, आणि ठेका तर जाणूनबुजून स्थिर ठेवलेला असतो. धृपदाच्या आलापात तो एकेका स्वराच्या लागण्यात असतो. जॅझमध्ये ठरलेल्या स्वरसंगतींवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) आयत्या वेळी काय सुचतं त्यात.

रॅपचं जवळून पाहू. एखादं रॅप लावा, अर्थाकडे आधी दुर्लक्ष करा आणि बोटाने टेबलावर एक-दोन-तीन-चार मोजा. दोन आणि चारवर जो कडक आवाज बसतो तो स्नेअर ड्रम. आता यमकं कुठे पडतात ते पाहा. नवखा रॅपर प्रत्येक ओळीचं यमक इमानेइतबारे चारवर आणून ठेवतो. मुरलेला ते चारच्या जरा आधी टाकतो, त्याच्या शेपटालाच पुढची ओळ सुरू करतो, मग एका ओळीला यमक देतच नाही, आणि आपण वाट पाहत असताना ते पुढच्या ओळीच्या पोटात सापडतं. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येते की नाही याकडे डोळे लावून बसणाऱ्याला यातली गंमत कळायला वेळ लागू नये. माझ्या भाच्याने मला हे दाखवलं तेव्हा तो एकच ओळ पुन्हा पुन्हा मागे नेत होता. "मामा, आता सांग, श्वास कुठे घेतला त्याने?" मला सांगता येईना. श्वास एका शब्दाच्या मधोमध लपवला होता, आणि शब्द तुटला नव्हता.

"पण ते कानालाच खटकतं, त्याला काय करणार?" हा आक्षेप जरा गंभीर आहे. त्याचंही उत्तर आहे. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने लोकांना जॉश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी आपल्याला गोड वाटणाऱ्या आणि आपल्याला खटकणाऱ्या, अशा दोन्ही स्वरसंगती ऐकवल्या. त्यांना दोन्ही सारख्याच सुखद वाटल्या. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे खटकण्याचा बराच भाग सवयीचा आहे. बालीच्या गॅमेलान या वाद्यवृंदात तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित हटवून लावतात, कारण दोन जवळच्या स्वरांमधून उठणारी थरथर हाच तिथे जिवंतपणा मानला जातो. तंबोऱ्याच्या जवारीचा झणत्कार आपल्याला हवा असतो. झिम्बाब्वेच्या एम्बिरा या वाद्याला शिंपले किंवा बाटलीची बुचं अडकवतात, कारण स्वराबरोबर खरखर हवी असते. मेटलच्या गिटारला विजेच्या साहाय्याने आणलेली खरखर या सगळ्यांची नातलग आहे. मूळ स्वरावर वरच्या स्वरांची गर्दी चढवायची, एवढंच ती करते. स्वरांतली ही गर्दी गढूळ होऊ नये म्हणून मेटलवाले पुष्कळदा फक्त सा आणि प एकत्र छेडतात, गंधार गाळतात. तंबोऱ्याच्या तारा आठवून पाहा.

पायरी तिसरी: आत शिरायचं दार निवडा

एखाद्या प्रकारातलं सर्वांत थोर मानलं गेलेलं काम पहिल्याच दिवशी ऐकायला घेऊ नका. ते बहुधा आतल्या माणसांसाठी थोर असतं. आपल्याला आधीपासून जे येतं, त्याला लागून असलेलं दार शोधा.

दारं पुष्कळ आहेत. रागसंगीत ऐकणाऱ्याला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) परका वाटण्याचं कारण नाही: सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे धानी रागाचे स्वर ब्लूज आणि रॉकच्या गिटारवादनात सर्रास भेटतात. त्यांच्या मध्ये निसटता तीव्र मध्यम लागला की तो खास ब्लूजचा रंग. शिवाय ब्लूजचा बारा मापांचा (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुधा चारांचा) साचा आवर्तनासारखाच पुन्हा पुन्हा फिरतो, आणि एकदा तो बोटांवर मोजता आला की वादक कुठे पोचलाय ते कळू लागतं. जुगलबंदीतले सवालजबाब आवडत असतील तर जॅझमधला तो भाग ऐका, जिथे वादक आणि ड्रमवाला चार-चार मापं आळीपाळीने वाटून घेतात. कव्वाली आवडणाऱ्याने गॉस्पेल ऐकावं. एक जण पुढे गातो, बाकीचे उचलून धरतात, टाळ्या पडतात, आणि गाणं कुठल्या क्षणी हाताबाहेर जाईल याची सगळे वाट पाहत असतात. उलटही खरं: टेक्नोत रमणाऱ्या पोराला आधी शब्दप्रधान गाणी देऊ नका, तंबोरा आणि आलाप द्या. सावकाश बदलाची त्याला आधीच सवय असते.

नमुना निवडायला माणूस गाठा. ॲप तुमचा इतिहास पाहून तुम्हाला आवडेल असंच पुढे करतं, आणि इथे तर आवडीच्या बाहेर जायचंय. त्या संगीतावर जीव टाकणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला विचारा: "मला एकच दे, आणि त्यात नेमकं कुठे कान द्यायचा ते सांग." हा दुसरा भाग विसरू नका. पहिल्यावर लोक यादीच पाठवतात, दुसऱ्यावर त्यांना विचार करावा लागतो.

जाता जाता: ही ऐकण्याची खटपट ॲपच्या खाजगी सत्रात (प्रायव्हेट सेशनमध्ये) करा, नाहीतर पुढचे कित्येक दिवस सुचवण्यांची खिचडी होते आणि त्याचा राग त्या बिचाऱ्या प्रकारावर निघतो.

पायरी चौथी: ऐकण्याची सोय करा

फोनच्या स्पीकरवर रॅप, टेक्नो किंवा डब (रेगेतून निघालेला, बासवर उभा असलेला प्रकार) ऐकून मत बनवू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं तर विसराच. बास ड्रम आणि बास गिटारचा जीव तिथेच असतो. ज्या संगीताचा पायाच खाली आहे त्याची फक्त वरची टिकटिक ऐकायची आणि "यात काही नाही" म्हणायचं, हा अन्याय आहे. बरे हेडफोन पुरतात.

आवाज मध्यम ठेवा. दोन गोष्टींची तुलना करायची असेल तर दोन्ही सारख्याच मोठ्या लावा, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला सरस वाटतं. मेटल मोठ्यानेच ऐकायचं असतं असं सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित, आणि आवाज वाढला की ती मुदत झपाट्याने आटते.

हातात दुसरं काम नको. निदान पहिल्या खेपेला तरी.

पायरी पाचवी: तीनदा ऐका, पण एका दिवशी नाही

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं, की माणसाला निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं, अनोळखी चेहरे नुसते वारंवार दाखवले तरी ते जास्त आवडू लागतात. संगीतातही परिचय काम करतो. त्याला मर्यादा आहेत: पहिलाच अनुभव तिटकाऱ्याचा असेल तर मारा करून उपयोग होत नाही, आणि अति झालं की कान किटतात. म्हणून एकच रचना दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा एकाच वाद्याच्या मागे लागून, तिसऱ्यांदा पुन्हा नुसती.

दुसरी खेप कशी असते ते विलंबित ख्यालावर दाखवतो, कारण "कंटाळा येतो" ही तक्रार त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. विलंबित एकताल घ्या. बारा मात्रा, पण एवढ्या सावकाश की एका आवर्तनाला जवळपास मिनिट लागू शकतं. गायिका बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) घेते आणि पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन टेकते. हा मुखडा पाठ करा, गुणगुणण्याइतका. आता प्रत्येक आवर्तनात एकच पाहायचं: ती भटकून कुठून कुठून परत येते आणि मुखडा कधी उचलते. कधी आरामात येते. कधी समेला दोन मात्रा उरल्या तरी दूर कुठेतरी असते, तुमचा पाय अस्वस्थ होतो, आणि ती शब्द घाईत न गुंडाळता पोचते. दुसरं, तिने वरचा षड्ज (सा) किती वेळ टाळलाय त्याकडे लक्ष ठेवा. मंद्र (खालच्या) सप्तकातून मध्य सप्तकापर्यंत, मग पंचम, धैवत, निषादावर घुटमळणं, पुन्हा माघार. तो षड्ज अखेर लागतो तेव्हा श्रोते का हलतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलरी सॅलिमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, ती त्यांच्या स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकताना. सुखाच्या क्षणी डोपामिन हे मेंदूतलं रसायन स्रवतंच, पण तो क्षण जवळ येत असताना, वाट पाहतानाही, मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवताना दिसलं. आता, कशाची वाट पाहायची तेच ठाऊक नसेल तर निम्मं सुख आधीच गेलं. मुखडा पाठ करायला सांगितला तो एवढ्यासाठी.

आणि "गाणं एवढं लांब कशाला?" याचं उत्तर ऐकून गंमत वाटेल. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची आपली सवय बरीचशी यंत्राने लावलेली आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावत. लांब वाजणारी तबकडी १९४८ मध्ये आली, तोवर तीन मिनिटं अंगवळणी पडली होती.

पायरी सहावी: थोडा इतिहास वाचा

फार नाही. विकिपीडियावरचं एक पान चालेल. एखादं संगीत कुठल्या खोलीत, कुठल्या गरजेतून जन्मलं ते कळलं की त्याचे "दोष" वेगळे दिसतात. रॅपमध्ये "वाद्यं कुठायत, नुसत्या दुसऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवतात" असं म्हणतात ना? ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या डीजेने एका पार्टीत रेकॉर्डी लावल्या. नाचणारे लोक गाण्यातल्या केवळ तालवाद्यांच्या तुकड्याची वाट पाहतात हे त्याने हेरलं होतं. तोच तुकडा लांबवण्यासाठी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन फिरत्या यंत्रांवर लावायची युक्ती त्याच्या नावावर जमा आहे. हिप-हॉपचा वाढदिवस लोक त्या तारखेला साजरा करतात. रेकॉर्ड वाजवण्याचं यंत्र हेच तिथे वाद्य झालं.

नाकारण्याचा इतिहासही वाचनीय आहे. १९१३ मध्ये पॅरिसला स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या नव्या बॅलेच्या (नृत्यनाट्याच्या) पहिल्या प्रयोगात प्रेक्षागृहात एवढा गोंधळ झाला, की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ते संगीत मैफलीत वाजलं तेव्हा लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते तीसेक वर्षं बंद राहिलं. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्को रेकॉर्डींचं खोकं स्फोटाने उडवलं, जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना होऊच शकला नाही. काही वर्षांतच त्याच शिकागोत डिस्कोच्या राखेतून हाउस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं.

शब्द खटकत असतील तर

ते खटकू द्या. हिंसेची, बायकांना हिणवणारी गाणी आवडून घेणं हा मोकळेपणा नव्हे. फक्त आक्षेप गाण्यावर ठेवा, सबंध प्रकारावर लोटू नका; तसं केलं तर कुठलाच प्रकार शिल्लक राहणार नाही, आपला लाडका तर नाहीच. आणि भाषा कळत नसेल तर भाषांतर तिसऱ्या खेपेनंतर वाचा. आधी वाचलं की कान बंद होतो, डोळे ऐकू लागतात.

दुसऱ्याच्या गाण्यासमोर बसताना

कुणी "हे ऐक ना" म्हणून हेडफोन पुढे केला, तर तो तुम्हाला गाण्यापेक्षा थोडं जास्तच काही दाखवत असतो, विशेषतः सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर. पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका. तोंड वाकडं करू नका, ते दिसतं. संपल्यावर "छान आहे" म्हणून सुटका करून घेऊ नका, खोटं लगेच कळतं. "तुला यातला कुठला भाग सगळ्यात आवडतो?" असं विचारा आणि तो भाग परत लावायला सांगा. "याला काय संगीत म्हणतात?" हा प्रश्न आजवर कुणाचंही मत बदलू शकलेला नाही.

प्रवासात किंवा घरात एकच स्पीकर असेल तर पाळीपाळीने लावा, आणि दुसऱ्याच्या पाळीत टोमणे बंद, एवढा एकच नियम पुरतो.

काही लोकांना कुठलंच संगीत सुख देत नाही, हेही ध्यानात असू द्या. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला. इतर गोष्टींतला आनंद त्यांना नेहमीसारखा होत होता, फक्त संगीताचा होत नव्हता. अशा माणसाला तुमच्या आवडीची दीक्षा द्यायला जाऊ नका.

कुठे थांबायचं

तीन खेपा झाल्या, सोय नीट होती, दार बरोबर निवडलं होतं, तरीही नाही आवडलं, तर सोडून द्या. कसोटी एकच ठेवा: तो प्रकार आवडणाऱ्या माणसाला पटेल अशा शब्दांत त्यात काय चाललंय हे तुम्हाला सांगता येतं का? येत असेल तर तुमचं "आवडलं नाही" पक्कं, त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यायला नको. येत नसेल तर दुसरा नमुना, दुसरं दार.

पहिल्या पायरीतला कागद फेकू नका. वर्षभराने काढा आणि कारणांचा रकाना नव्याने भरा. "नुसता आरडाओरडा"च्या जागी "गायकाचा आवाज आवडतो, पण ड्रम फार पुढे ठेवतात" असं काही लिहून झालं, तर नाव यादीतच राहिलं तरी हरकत नाही.